संगणकातील बिऱ्हाड : इन्स्टॉलरची रचना आणि परीक्षा

१५ एप्रिल २००५ रोजी केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने तमिळ भाषेत संगणकावर काम करण्यास लागणाऱ्या साधनांची एक सीडी जनतेसाठी विनामूल्य प्रसिद्ध केली. २० जून २००५ रोजी हिंदीची सीडी निघाली, आणि त्यानंतर मराठीसह इतर भारतीय भाषांची पाळी आली. नवी दिल्लीतून चालविल्या जाणाऱ्या ‘भारतीय भाषांसाठी तंत्रज्ञान विकास’ या कार्यक्रमाचे हे फळ होते. सीडीमध्ये निरनिराळे फाँट, कळफलकाची साधने, लेखनाची व पत्रव्यवहाराची आज्ञावली अशी सामग्री होती. इंग्रजी न जाणणाऱ्या माणसालाही संगणकाचा उपयोग व्हावा, हा त्यामागील हेतू.

परंतु सीडी हाती येणे आणि पडद्यावर शुद्ध देवनागरी उमटणे या दोहोंच्या मध्ये एक पायरी होती. त्या काळी बहुसंख्य संगणकांवर ‘विंडोज एक्सपी’ किंवा त्याहून जुनी ‘विंडोज ९८’ ही प्रणाली असे. विंडोज ९८ मध्ये देवनागरीची सोय मुळातच नव्हती. एक्सपीमध्ये ती होती, परंतु ती निराळी सुरू करावी लागे, आणि त्यासाठी विंडोजची मूळ सीडी पुन्हा घालावी लागे. ती सोय सुरू नसेल तर फाँट उत्तम असूनही जोडाक्षरे तुटत आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. सामान्य माणूस याचा दोष नव्या आज्ञावलीस देई. वस्तुतः लेखनाची आज्ञावली निर्दोष असे. उणीव असे ती तिला संगणकात नीट बसविण्याच्या क्रियेत.

ही बसविण्याची क्रिया पार पाडणाऱ्या आज्ञावलीस व्यवहारात ‘इन्स्टॉलर’ म्हणतात. तिचे काम काही मिनिटांचे असते आणि काम झाले की तिची आठवण कोणास राहत नाही. तथापि ही लहानशी आज्ञावली रचणे आणि तिची परीक्षा घेणे, हा संगणकशास्त्रातील एक नाजूक विषय आहे.

इन्स्टॉलर काय करतो

पुण्याहून दिल्लीस बदली झालेल्या कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. सामानाचा ट्रक दारात आला म्हणजे बिऱ्हाड लागले असे होत नाही. पेट्या उघडून भांडी स्वयंपाकघरात, कपडे कपाटात, पुस्तके फळीवर लावावी लागतात. वीज व गॅस यांची जोडणी घ्यावी लागते. नवा पत्ता टपाल कार्यालयास व बँकेस कळवावा लागतो.

आज्ञावलीचेही तसेच आहे. तिच्या फाईली प्रवासासाठी दाबून एका गठ्ठ्यात बांधलेल्या असतात. इन्स्टॉलर त्या सोडवितो आणि ठरलेल्या फोल्डरांत ठेवतो. संगणकाच्या मध्यवर्ती नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, नव्या आज्ञावलीचे नाव, आवृत्ती व पत्ता यांची नोंद करतो. अमुक जातीची फाईल उघडावयाची असेल तर या आज्ञावलीस बोलवावे, असे प्रणालीस सांगतो. आज्ञावलीस आणखी कोणा साहाय्यक घटकाची गरज असल्यास तो जागेवर आहे की नाही हे पाहतो. शेवटी, पुढे कधी बिऱ्हाड हलवावयाचे झाल्यास काय काय उचलावे लागेल, याची यादी मागे ठेवतो.

या सर्व क्रिया त्याला परक्या घरात कराव्या लागतात. नोएडा किंवा गुरुग्राम येथील कार्यालयात ज्या संगणकावर आज्ञावली तयार झाली, तेथे लागणारे सर्व साहाय्यक घटक आधीपासूनच असतात. ती जेथे जावयाची त्या संगणकाची स्थिती मात्र रचनाकारास ठाऊक नसते. इन्स्टॉलरच्या रचनेतील बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून उद्भवतात.

रचनेच्या दोन पद्धती

पहिली पद्धत आज्ञांच्या यादीची. ‘ही फाईल येथे ठेव, ती नोंद तेथे कर’ अशा आज्ञा एकामागून एक लिहावयाच्या आणि संगणकाने त्या क्रमाने पाळावयाच्या. ही पद्धत समजण्यास सोपी, परंतु सतराव्या आज्ञेपाशी अडथळा आला तर पहिल्या सोळा आज्ञांचे काय करावयाचे, याचे उत्तर रचनाकारास स्वतः लिहून ठेवावे लागते.

दुसऱ्या पद्धतीत आज्ञांऐवजी अंतिम स्थितीचे वर्णन दिलेले असते. १९९९ साली ‘ऑफिस २०००’बरोबर आलेली ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही व्यवस्था या पद्धतीची आहे. तिचा गठ्ठा म्हणजे तक्त्यांचा एक संग्रहच असतो. एका तक्त्यात फाईली, दुसऱ्यात त्यांचे घटक, तिसऱ्यात रजिस्ट्रीतील नोंदी. संगणकाची सद्यःस्थिती आणि तक्त्यांत वर्णिलेली स्थिती यांतील अंतर काढून ते भरून काढण्याचे काम प्रणालीतील यंत्रणा करते. लिनक्स प्रणालीच्या ‘डेबियन’ शाखेत दोहोंचा मिलाफ आढळतो. तेथे गठ्ठ्याबरोबर गरजांची यादी असते आणि स्थापनेच्या आधी, नंतर, तसेच काढण्याच्या आधी व नंतर चालवावयाच्या लहान आज्ञावल्याही असतात.

कोणतीही पद्धत स्वीकारली तरी आवृत्तींची तुलना काळजीपूर्वक करावी लागते. १.९ आणि १.१० यांपैकी नवी आवृत्ती कोणती? दशांश अपूर्णांक म्हणून किंवा नुसती अक्षरे म्हणून वाचल्यास १.९ मोठी ठरते. प्रत्यक्षात टिंबानंतरचे अंक स्वतंत्र संख्या असतात, म्हणून १.१० हीच नवी. ही तुलना चुकली तर इन्स्टॉलर नवी आज्ञावली काढून तिच्या जागी जुनी बसवितो. विंडोज इन्स्टॉलर तर आवृत्तीचे पहिले तीनच भाग विचारात घेतो. चौथा भाग वाढवून नवी आवृत्ती काढणाऱ्यास यंत्रणा दोहोंत भेदच करीत नाही असे आढळते.

मध्येच वीज गेली तर

३१ जुलै २०१२ हा कामाचा दिवस होता. दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व व ईशान्य भारताच्या वीजजाळ्यांचा पुरवठा खंडित झाला. सुमारे ६० कोटी लोक राहत असलेला प्रदेश अंधारात गेला आणि दिल्लीत मेट्रोच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या क्षणी ज्या संगणकांवर एखादी आज्ञावली बसविली जात असेल, त्यांची कल्पना करावी. अर्ध्या फाईली नव्या, अर्ध्या जुन्या. नोंद झालेली, पण वस्तू जागेवर नाही.

अशा प्रसंगासाठी चांगल्या इन्स्टॉलरात बँकेच्या व्यवहाराचे तत्त्व पाळलेले असते. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा झाली नाही, असे बँकेत चालत नाही. व्यवहार पूर्ण तरी होतो किंवा मुळीच होत नाही. त्याप्रमाणे विंडोज इन्स्टॉलर जी फाईल बदलावयाची तिची जुनी प्रत प्रथम बाजूस ठेवतो आणि प्रत्येक कृतीबरोबर ती उलटविण्याची कृतीही लिहून ठेवतो. मध्ये बिघाड झाल्यास ही उलट यादी शेवटापासून आरंभाकडे चालविली जाते आणि संगणक पूर्वस्थितीस येतो. वीजच गेली असेल तर पुढील वेळी अपूर्ण राहिलेल्या कामाची खूण सापडते, आणि आधी ते निस्तरल्यावाचून नवे काम सुरू होत नाही. डेबियनमध्येही प्रत्येक गठ्ठ्याची अवस्था नोंदलेली असते. ‘अर्धवट बसविलेला’ आणि ‘उघडलेला, पण मांडणी न झालेला’ या त्यांतील दोन अवस्था होत.

याखेरीज एक साधी युक्ती सर्वत्र उपयोगी पडते. जुन्या फाईलवर नवी लिहिण्याऐवजी नवी फाईल तात्पुरत्या नावाने शेजारी पूर्ण लिहावयाची आणि अखेरीस केवळ नाव बदलावयाचे. लिहिण्यास वेळ लागतो. नाव बदलणे एका टप्प्यात होते. त्यामुळे वीज केव्हाही गेली तरी जुनी किंवा नवी, कोणती तरी एक फाईल धड राहते.

नाव देवनागरी असेल तर

संगणकावरील खात्याचे नाव ‘सुनीता’ असे देवनागरीत ठेवले असेल, तर त्याच नावाचा फोल्डर तयार होतो आणि इन्स्टॉलरला त्यातून वाट काढावी लागते. डोळ्यांना ही तीन अक्षरे दिसतात. यूनिकोडच्या हिशेबाने ती सहा चिन्हे आहेत, कारण उकार, ईकार आणि काना स्वतंत्र मोजले जातात. यूटीएफ-८ या पद्धतीने साठविल्यास प्रत्येक चिन्हास तीन याप्रमाणे अठरा बाइट लागतात. एका अक्षरास एक बाइट असे गृहीत धरून जागा राखणारा रचनाकार येथे फसतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. रोमन, ग्रीक किंवा रशियन लिपींसाठी विंडोजमध्ये यूनिकोडपूर्व काळातील संकेततक्ते आहेत. देवनागरीसाठी तसा तक्ता नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिपींच्या संकेतांचे मानक प्रसिद्ध केले होते, परंतु विंडोजने देवनागरीसाठी यूनिकोडचाच मार्ग धरला. जुन्या पद्धतीने फाईलचा मार्ग विचारणाऱ्या आज्ञावलीस ‘सुनीता’च्या जागी सहा प्रश्नचिन्हे मिळतात, आणि त्या नावाचा फोल्डर तिला कोठेच सापडत नाही. यावर उपाय एकच : रचनेपासून परीक्षेपर्यंत सर्वत्र यूनिकोड वापरणे, आणि परीक्षेच्या संगणकांपैकी निदान एकावर देवनागरी नावाचे खाते ठेवणे.

विश्वासाची साखळी

इन्स्टॉलरला संगणकाच्या मध्यवर्ती भागात हात घालण्याचा अधिकार द्यावा लागतो. घराची किल्लीच ती. म्हणून किल्ली देण्यापूर्वी समोरचा खरोखर कोण आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते. यासाठी गठ्ठ्याचा गणिती ठसा काढतात. एसएचए-२५६ या रीतीने काढलेला ठसा २५६ बिटांचा असतो, व्यवहारात तो ६४ चिन्हांत लिहितात. गठ्ठ्यातील एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. निर्माता हा ठसा आपल्या गुप्त किल्लीने सांकेतिक करतो. हीच डिजिटल स्वाक्षरी. तिचा खरेपणा निर्मात्याच्या उघड किल्लीने कोणासही ताडून पाहता येतो, आणि ती उघड किल्ली त्याचीच आहे याची ग्वाही प्रमाणन अधिकारी देतो.

भारतात या व्यवस्थेस माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचा आधार आहे. तो १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्यान्वये प्रमाणन अधिकाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या नियंत्रकाचे कार्यालय नवी दिल्लीत आहे. साखळीच्या मुळाशी नियंत्रक, त्याखाली प्रमाणन अधिकारी आणि त्याखाली प्रमाणपत्रधारक, अशी ही रचना.

ही साखळी किती नाजूक असते याचा प्रत्यय जुलै २०१४ मध्ये आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन शाखेकडून गूगलच्या संकेतस्थळांच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे २ जुलै रोजी गूगलच्या ध्यानात आले. प्रमाणपत्रे देण्याच्या प्रक्रियेतच कोणी शिरकाव केला होता, असे नंतर नियंत्रकांच्या कार्यालयाने कळविले. ३ जुलै रोजी त्या शाखेची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द झाली आणि १० जुलै रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील त्यांचा विश्वास काढून घेतला. ही प्रमाणपत्रे संकेतस्थळांची होती, इन्स्टॉलरची नव्हत. परंतु साखळी एकाच जातीची आहे. मधली कडी निखळली की तिच्यावर टांगलेले निर्दोष प्रमाणपत्रही संशयास्पद होते. म्हणूनच स्वाक्षरीची गुप्त किल्ली नेहमीच्या संगणकावर न ठेवता निराळ्या सुरक्षित उपकरणात ठेवतात.

येथेही एक क्षुल्लक दिसणारी बाब परीक्षकास विसरता येत नाही. संगणकातील लहान बॅटरी संपली की त्याचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. अशा संगणकास आजचे प्रमाणपत्र ‘अद्याप लागू न झालेले’ वाटते आणि तो खऱ्या स्वाक्षरीसही नाकारतो. इन्स्टॉलरने अशा वेळी तारीख तपासण्याची सूचना द्यावी, केवळ नकार देऊन थांबू नये.

परीक्षेची पद्धत

इन्स्टॉलरच्या परीक्षेचा पहिला नियम असा की, ती रचनाकाराच्या संगणकावर घेऊ नये. परीक्षेसाठी कोरा संगणक हवा. प्रत्येक वेळी नवा संगणक आणणे शक्य नसते, म्हणून एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक निर्माण करतात. त्यांची कोरी स्थिती साठवून ठेवलेली असते. परीक्षा झाली की क्षणात पुन्हा कोरी पाटी मिळते.

दुसरा प्रश्न संख्येचा. प्रणालीच्या तीन आवृत्ती, संगणकाच्या तीन पूर्वस्थिती, म्हणजे कोरा, जुनी आवृत्ती असलेला आणि अर्धवट राहिलेला, भाषा दोन, वापरणाऱ्याचे अधिकार दोन प्रकारचे. या सर्वांचा गुणाकार ३६ होतो. घटक वाढू लागले की ही संख्या शेकड्यांत जाते. तथापि बहुतेक दोष एका घटकामुळे किंवा दोन घटकांच्या संयोगामुळे प्रकट होतात, असा अनुभव आहे. म्हणून कोणत्याही दोन घटकांची प्रत्येक जोडी निदान एकदा तरी येईल अशा रीतीने परीक्षा निवडतात. वरील उदाहरणात ३६ ऐवजी ९ परीक्षांत हे साधते.

तिसरा नियम उलट प्रवासाचा. आज्ञावली बसविण्यापूर्वी संगणकाच्या फाईलींची यादी करावी, ती बसवावी, काढावी आणि पुन्हा यादी करावी. दोन्ही याद्या जुळल्या पाहिजेत. मात्र वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेली पत्रे, हिशेब व चित्रे यांना हात लागता कामा नये. तसेच दुसरी आज्ञावलीही वापरीत असलेला सामाईक घटक काढला जाता कामा नये. भाडेकरूने घर सोडताना आपले सामान न्यावे, शेजाऱ्यांचे नेऊ नये.

चौथा नियम मूक स्थापनेचा. मोठ्या कार्यालयात शेकडो संगणकांवर रात्री कोणी न बसता आज्ञावली बसविली जाते. तेथे पडद्यावरील संदेश वाचावयास कोणी नसते. इन्स्टॉलर अखेरीस जो अंक परत देतो त्यावरून निष्कर्ष काढावा लागतो. विंडोज इन्स्टॉलरच्या संकेतात ० म्हणजे यश, ३०१० म्हणजे यश, पण संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक, १६०२ म्हणजे वापरणाऱ्याने रद्द केले आणि १६०३ म्हणजे काम फसले. काम फसूनही ० परत देणारा इन्स्टॉलर सर्वांत घातक, कारण त्याच्या अपयशाची वार्ता कार्यालयास सकाळीच कळते.

एकाच वेळी सर्वत्र नको

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकन सुरक्षा कंपनीने आपल्या आज्ञावलीसाठी माहितीची एक नवी फाईल जगभर पाठविली. ती स्वीकारणारे विंडोज संगणक कोसळले आणि पुन्हा सुरू होताच पुन्हा कोसळू लागले. १० वाजून ५७ मिनिटांनी फाईल मागे घेण्यात आली. परंतु त्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणकांस बाधा झाली होती. दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावरील काही सेवा विस्कळीत झाल्या. उड्डाणांची माहिती पांढऱ्या फलकांवर हाताने लिहावी लागली. दिल्लीतील ‘सर्ट-इन’ या संस्थेने त्याच दिवशी सूचनापत्र काढले.

कारण अगदी लहान होते. आज्ञावलीच्या एका भागाने नव्या फाईलीत २१ रकान्यांची अपेक्षा ठेवली होती. तिला प्रत्यक्ष माहिती पुरविणारा भाग मात्र २० च रकाने पुरवीत होता. त्याआधीच्या फाईलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने तो रकाना कधी वाचलाच गेला नव्हता. परीक्षाही तशाच फाईलींवर झाल्यामुळे दोष उघडकीस आला नाही. १९ जुलैच्या फाईलीत त्या जागी प्रथमच खरी अट आली. आज्ञावली नसलेला एकविसावा रकाना वाचावयास गेली आणि प्रणालीसह कोसळली. संगणक सुरूच होत नसल्याने दुरुस्तीची फाईल दुरून पाठवून भागत नव्हते. असंख्य ठिकाणी माणसास प्रत्येक संगणकापाशी जाऊन दोषी फाईल हाताने काढावी लागली.

ही फाईल रूढ अर्थाने इन्स्टॉलर नव्हती. आधीच बसविलेल्या आज्ञावलीने स्वतःहून मागवून घेतलेली ती भर होती. संगणकाच्या दृष्टीने मात्र दोहोंत फरक नाही. बाहेरून काही तरी आले आणि अंतर्भागात जाऊन बसले. यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, परीक्षेत ‘काहीही चालेल’ ही सोयीची स्थिती तपासून भागत नाही. प्रत्येक रकान्यात खरी अट घालून पाहावयास हवी. दुसरा असा की, परीक्षा कितीही कसोशीने घेतली तरी एखादा दोष निसटणारच, म्हणून नवी वस्तू प्रथम थोड्या संगणकांवर पाठवावी, काही काळ थांबावे, त्यांची प्रकृती पाहावी आणि मग पुढील टप्पा घ्यावा. स्वयंपाकघरात शितावरून भाताची परीक्षा होते. तीच रीत येथे लागू आहे. या घटनेनंतर सदर कंपनीनेही टप्प्याटप्प्याने वितरणाची पद्धत स्वीकारली.

उपसंहार

आज एखाद्या तालुक्याच्या कचेरीत दाखला टंकित करणारा कर्मचारी देवनागरीत लिहितो तेव्हा अक्षरे आपोआप जुळतात. विंडोजची सीडी शोधावी लागत नाही. २००५ साली इन्स्टॉलरला जे तपासावे लागे, ते आता प्रणालीतच अंतर्भूत झाले आहे. परंतु परक्या संगणकाची स्थिती अज्ञात असते, वीज केव्हाही जाऊ शकते, आणि स्वाक्षरीच्या साखळीतील एक कडी पुढील सर्व कड्यांना बाधक ठरू शकते, या गोष्टी बदललेल्या नाहीत.

म्हणून रचनाकाराने इन्स्टॉलर पूर्ण झाला असे म्हणण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष प्रयोगाने मिळवावीत. कोऱ्या संगणकावर तो चालतो काय? मध्येच थांबविला तर संगणक पूर्ववत होतो काय? आज्ञावली काढल्यावर मागे कचरा राहतो काय, किंवा दुसऱ्याचे काही नाहीसे होते काय? आणि तो चुकीचा निघालाच, तर ती चूक किती संगणकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी कळून येईल? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळतात. चौथ्याचे उत्तर वितरणाच्या योजनेत आधीच लिहून ठेवावे लागते.